‘उर्फ’मध्ये हरवलेली घराणी: फ्रेंच-कॅनडियन वंशावळ कशी शोधतात

१५ डिसेंबर २०२५ रोजी कॅनडाचा नागरिकत्वाचा कायदा बदलला. तेव्हापासून अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, पूर्वज कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातून आलेल्या कुटुंबांपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा आहे: आपला पणजोबा नेमका कोण होता?

पूर्वीच्या नियमानुसार परदेशात जन्मलेल्या कॅनडियन माणसाच्या मुलाचाही जन्म परदेशातच झाला, तर त्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळत नसे. म्हणजे साखळी एका पिढीत तुटायची. नव्या दुरुस्तीने, त्या तारखेआधी जन्मलेल्यांसाठी ही एका पिढीची अट काढून टाकली. त्यानंतर जन्मणाऱ्यांच्या बाबतीत, परदेशात जन्मलेल्या पालकाने कॅनडात किमान १,०९५ दिवस काढलेले असले पाहिजेत. त्यामुळे एरवी हौशी मंडळींपुरतं असलेलं वंशावळ शोधणं आता कागद जोडून सरकारदरबारी सिद्ध करायचं काम झालं. जुन्या नोंदीतल्या एका शब्दावर माणसाचं काय काय अडू शकतं, हे कुणबी नोंदींच्या शोधानंतर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

क्वेबेकच्या बाबतीत गंमत अशी की नोंदी अव्वल आहेत आणि आडनावं बेभरवशाची. त्यामुळे नवखा माणूस आडनाव धरून मागे जातो आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत आपटतो. जाणकार आडनावाला दुय्यम मानतात. ते जोडपं शोधतात.

वह्या टिकल्या कशा

फ्रेंचांनी क्वेबेक शहर वसवलं ते १६०८ साली. १६६६ साली झां तालों या अधिकाऱ्याने केलेल्या शिरगणतीत अख्ख्या वसाहतीत ३,२१५ युरोपीय माणसं भरली. एखाद्या मोठ्या गावाच्या जत्रेला याहून जास्त गर्दी असते. पुढे १७६० च्या सुमाराला इंग्रजांनी वसाहत घेतली तेव्हा लोकसंख्या ७० हजारांच्या आसपास होती, आणि ती वाढ मुख्यतः घरच्या घरी, भरपूर मुलं होऊन झालेली. फ्रान्समधून येऊन कायमचे राहिले असे लोक साधारण दहा हजार. आजच्या लाखो फ्रेंच-कॅनडियन लोकांची मुळं बहुतांशी त्या दहा हजारांत आहेत.

या सगळ्यांचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन कॅथलिक चर्चच्या वहीत लिहिलं जायचं. चर्चचा एकेक विभाग म्हणजे पॅरिश; प्रत्येक पॅरिशची वही वेगळी. १६७९ पासून या वहीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत पडली: एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयात. चर्च जळालं तरी न्यायालयातली प्रत राहायची. पहिला धडा मात्र आगीनेच दिला होता. १६४० साली क्वेबेकचं चर्च जळालं, वहीही गेली, आणि १६२१ पासूनच्या नोंदी लोकांच्या आठवणीतून पुन्हा लिहून काढाव्या लागल्या.

दुसरं कारण कायद्याचं. क्वेबेकमध्ये चर्चची वही हीच सरकारी वही होती, आणि ही व्यवस्था थेट १ जानेवारी १९९४ पर्यंत चालली. त्या दिवसापासून जन्म-मृत्यूची नोंद पूर्णपणे सरकारी कार्यालयाकडे गेली. याचा आजचा व्यावहारिक अर्थ लक्षात ठेवावा: त्या तारखेआधी दिलेला बाप्तिस्म्याचा किंवा जन्माचा दाखला नागरिकत्वाच्या अर्जाला चालत नाही. आजीच्या पेटीतला पिवळा पडलेला कागद शोधायला उपयोगी, अर्जाला नव्याने काढलेली प्रत लागते.

विसाव्या शतकात वंशावळी शोधणाऱ्या द्रुएं संस्थेने या वह्यांची मायक्रोफिल्म काढली; आज ‘द्रुएं संग्रह’ म्हणतात तो हाच. मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ साली सुरू झालेल्या लोकसंख्या-इतिहासाच्या प्रकल्पाने तर जुन्या नोंदी एकमेकींशी जोडून कुटुंबंच उभी केली. त्याचं संक्षिप्त नाव पीआरडीएच. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारात आणि फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर वह्यांची पानं फुकट पाहता येतात. द्रुएं आणि पीआरडीएच यांच्या जोडलेल्या नोंदींना वर्गणी पडते. वर्गणी महिनाभराची घेतली आणि आधी तयारी करून बसलं, तर बरंच काम उरकतं.

‘दी’ म्हणजे आपलं ‘उर्फ’

आता मुख्य अडचण. जुन्या नोंदींत नावं अशी दिसतात: हुदों दी बोल्यो, मिव्हिल दी देशेन, रिव्हार दी लाव्हिन्य. यातला ‘दी’ म्हणजे ‘म्हटला जाणारा’. मराठीत त्याला तंतोतंत शब्द आहे: उर्फ. मिव्हिल उर्फ देशेन.

या उर्फ नावांचा मोठा झरा म्हणजे फौज. १६६५ साली कारिन्यां-सालिएर नावाची पलटण वसाहतीत उतरली, साधारण बाराशे शिपाई. त्यांतले चारशेच्या आसपास तिथेच राहिले, जमीन घेतली, लग्नं केली. फ्रेंच शिपायांना पलटणीतलं टोपणनाव असे आणि ते एकाहून एक झोकदार: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत, त्रांशमोंताञ म्हणजे डोंगर चिरणारा, लादूसर म्हणजे गोडवा. जोलीकर आणि व्हादबोंकर ही नावं ऐकून कुणाला वाटेल मंडळी कोकणातली. पण तिथल्या ‘कर’चा अर्थ हृदय. व्हादबोंकर म्हणजे ‘खुशीने जा’. शिपाईगिरी संपली, नावं चिकटली.

दुसरा झरा आपल्या ‘-कर’सारखाच, गावाचा. आंजू प्रांतातून आलेला तो लांजव्हें, पिकार्दीचा तो पिकार, प्वातूचा तो पोत्व्हें, सेंतोंजचा तो सेंतोंज. मूळ आडनाव दुसरंच असायचं. बाकी वाट्याला आलेल्या जमिनीचं नाव, आईच्या घराण्याचं आडनाव, कधी बापाचं पाळण्यातलं नावसुद्धा उर्फ होऊन बसे. कारण साधं. एकाच गावात एकाच आडनावाची सहा घरं झाली की कुठलं म्हणायचं? वाडीतल्या चार ‘पाटलां’ना आपणही वरचे, खालचे, मळ्यातले असं वेगळं करतोच.

उदाहरण म्हणून बातिस्कां गावचे रिव्हार घ्या. सतराव्या शतकात आलेल्या निकोला आणि रोबेर रिव्हार यांच्या वंशजांतून लाव्हिन्य, लोरांजे, लाकूर्सिएर, लानूएत, बेलफय, फयव्हेर्त, मोंतांद्र अशा शाखा फुटल्या. सख्खे भाऊ, आडनावं निरनिराळी. पुढे कुणी ‘रिव्हार’ टाकलं, कुणी उर्फ टाकलं. आज क्वेबेकमध्ये लाकूर्सिएर आणि रिव्हार शेजारी राहत असतील आणि आपण भाऊबंद असल्याचा त्यांना पत्ताही नसेल.

अडचणीचा भाग असा की ही अदलाबदल एका झटक्यात झालेली नाही. त्याच माणसाच्या बाप्तिस्म्याला मूळ आडनाव, लग्नाला दोन्ही, आणि दफनाला फक्त उर्फ, असं सर्रास दिसतं. म्हणून एखादा माणूस वहीतून ‘गायब’ झाला तर तो मेला किंवा परागंदा झाला असं धरू नका. आधी त्याचं उर्फ शोधा.

बाई मात्र माहेरच्याच नावाने

पुरुषाचं आडनाव असं हेलकावे खात असताना बाईचं नाव दगडासारखं स्थिर राहतं. जन्मापासून दफनापर्यंत क्वेबेकच्या वहीत ती माहेरच्या नावाने असते. मुलांच्या बाप्तिस्म्यात आई म्हणून माहेरचं नाव, नोटरीच्या कागदात माहेरचं नाव, आणि मरणाच्या नोंदीत ‘अमक्याची बायको’ असं म्हणूनसुद्धा नाव माहेरचंच. रोजच्या बोलण्यात, विशेषतः पुढच्या काळात, तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतील. कागद त्याला भुलत नव्हता.

यामागे भावना कमी, हिशेब जास्त. वसाहतीत पॅरिसचा रूढ कायदा चालायचा. त्यात लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा असे आणि विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर हक्क असे. एक बाई दोन-तीनदा विधवा होऊन पुन्हा लग्न करी. प्रत्येक लग्नागणिक नाव बदललं असतं तर कुठल्या मुलाला कुठल्या बापाचं शेत, हे नोटरीला उलगडलं नसतं. चर्चलाही रक्ताचं नातं तपासायचं होतं. त्यासाठी बाईचं माहेर समजणं भाग होतं.

शोधणाऱ्याच्या हातातली किल्ली हीच. नवऱ्याचं आडनाव सापडत नसेल तर ती जागा कोरी ठेवायची. त्याचं पहिलं नाव, बायकोचं पूर्ण नाव आणि अंदाजे दहा वर्षांचा काळ एवढंच घालून शोधायचं. ‘फ्रांस्वा, बायको मारी-आंज फोर्तें’ अशी जोडी एका पॅरिशमध्ये एका काळात बहुतेक एकच निघते, मग त्या फ्रांस्वाचं आडनाव काहीही लिहिलेलं असो. द्रुएं संस्थेने लग्नांच्या याद्या वरांच्या नावाने एकदा आणि वधूंच्या नावाने पुन्हा एकदा अशा दोनदा छापल्या, त्या यासाठीच.

लग्नाची नोंद: एकच पान, तीन घरं

बाप्तिस्मा आणि दफन यांच्यापेक्षा लग्नाची नोंद मोलाची, कारण तिच्यात वर-वधू दोघांचे आईवडील नावानिशी येतात. म्हणजे एका लग्नातून मागच्या पिढीची दोन लग्नं शोधायचे धागे मिळतात. त्या दोनांतून चार. असं करत दहा-बारा पिढ्यांत सतराव्या शतकात पोचता येतं.

समजा १८४७ सालची एक कल्पित नोंद समोर आहे. सुरुवातीला तारीख, तीही अक्षरी. मग तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचना दिली, कुणी हरकत घेतली नाही, असं ठरलेलं वाक्य. मग वर: फ्रांस्वा मोरें, शेतकरी, ‘फिस माजर’, म्हणजे सज्ञान मुलगा; वडील ‘देफं’ जोझेफ मोरें, म्हणजे कैलासवासी; आई तेरेझ लाव्ह्वा. मग वधू: मारी-आंज फोर्तें, ‘मिनर’, अज्ञान, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव. शेवटी साक्षीदार, आणि ‘सही करता येत नाही असं सांगितलं’ हे जवळजवळ हमखास वाक्य.

या चार-पाच शब्दांत बरंच काही आहे. ‘देफं’ आहे, म्हणजे बापाचं दफन १८४७ पूर्वीच्या वहीत शोधायचं. ‘मिनर’ आहे, म्हणजे वधूचं वय २१ च्या आत, तेव्हा बाप्तिस्मा १८२६ चा किंवा त्यानंतरचा. फ्रेंच राजवटीच्या काळातली नोंद असेल तर मात्र सज्ञान वयाची रेघ २५ वर्षांवर होती. २१ धरून हिशेब केला तर चार वर्षांचा घोळ होतो. साक्षीदारांपुढे नातं लिहिलेलं असेल तर ते सोनं. फक्त ‘बो-पेर’ या शब्दाला जपावं: सासरा आणि सावत्र बाप, दोघांनाही तोच शब्द आहे.

सही न येणारे खूण करत. १६३४ साली आलेला झाकारी क्लुतिए हा सुतार सहीच्या जागी कुऱ्हाड काढायचा. त्या कुऱ्हाडीचे आज इतके वारस आहेत की जुनी फ्रेंच-कॅनडियन वंशावळ उघडली की तो कुठेतरी भेटतोच.

नोंदीत कधीकधी ‘तिसऱ्या अंशाची सूट’ किंवा ‘चौथ्या अंशाची सूट’ असे शब्द येतात. वर-वधू एका रक्ताचे असतील तर चर्चची परवानगी लागे. अंश मोजायचा तो समान पूर्वजापासून खाली: सख्खी भावंडं पहिला, त्यांची मुलं दुसरा, नातवंडं तिसरा, पणतवंडं चौथा. चौथ्या अंशापर्यंत लग्नाला बंदी होती, सूट घेतली तर ती उठे. आपल्याकडे सपिंड मोजतात त्याच जातीचा हा हिशेब. शोधणाऱ्याला ही सूट म्हणजे आयती खूण: ‘तिसरा अंश’ लिहिलं असेल तर दोघांच्या पणजोबा-पणजींत एक जोडपं समान असलंच पाहिजे. तुम्ही रचलेल्या झाडात ते दिसत नसेल तर झाड चुकलंय.

आता सगळ्यात जास्त लोकांना अडवणारी गोष्ट. वर किंवा वधूचं दुसरं लग्न असेल तर आईवडिलांची नावं बहुधा गाळली जातात. ‘अमकीचा विधुर’, ‘अमक्याची विधवा’ एवढंच असतं. इथे साखळी तुटली असं समजून लोक सोडून देतात. वास्तविक मेलेल्या जोडीदाराचं नाव दिलेलं असतं, ते घेऊन पहिलं लग्न शोधायचं. तिथे आईबाप मिळतात.

अक्षर, आकडे आणि महिने

नोंदी फ्रेंचमध्ये आहेत हे खरं, पण त्यातले शब्द शंभर-दीडशेच आहेत आणि तेच ते पुन्हा येतात. फ्रेंच न येणाऱ्यालाही आठवडाभरात वाचता येतं. फसवतात ते आकडे आणि महिने.

फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात आणि ब्याण्णवला ‘चार वीस बारा’. विसाच्या हिशेबात मोजणाऱ्या आजीला हे लगेच कळेल: चार विसा म्हणजे ऐंशी. पण ‘वीस चार’ म्हणजे चोवीस, आणि ‘चार वीस’ म्हणजे ऐंशी. ही अदलाबदल झाली की १७८० ची नोंद १७२४ मध्ये जाऊन पडते.

महिन्यांत तर खाशी मेख. जुने पाद्री सप्टेंबरऐवजी नुसता ७ चा आकडा काढून त्याला ‘ब्र’ जोडत. नवखा माणूस तो सातवा महिना म्हणून जुलै लिहून घेतो. ७ म्हणजे सप्टेंबर, ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश म्हणून पाहा, मग विसरणार नाही.

तारखेबद्दल आणखी एक. वहीतली तारीख बाप्तिस्म्याची असते. जन्म ‘आदल्या दिवशी’ किंवा ‘परवा’ असं पुढे लिहिलेलं असतं. मूल अशक्त असेल तर सुईण घरीच पाणी शिंपडून तातडीचा बाप्तिस्मा करी, त्याला वेगळा शब्द आहे: ‘ओंद्वाये’. तो दिसला की मूल जगलं का, हे दफनाच्या वहीत बघावं. मूल गेलं असेल तर पुढच्या भावंडाला तेच नाव पुन्हा देण्याची रीत होती. दोन ‘मारी-लुईझ’ एकाच आईबापांच्या पोटी दिसल्या तर घोळ पाद्र्याचा नसतो. पहिली गेलेली असते.

आणि पहिली नावं. मुलगा असेल तर जोझेफ, मुलगी असेल तर मारी, हे जवळजवळ सगळ्यांनाच लागायचं. मधलं नाव बरेचदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. ‘जोझेफ-लुई-आंत्वान’ला घरात आणि पुढे लग्नाच्या नोंदीतही नुसता आंत्वान म्हणत. त्याला जोझेफ म्हणून शोधणारा जन्मभर शोधतो.

सीमा ओलांडली आणि ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला

१८४० ते १९३० च्या दरम्यान साधारण नऊ लाख फ्रेंच-कॅनडियन अमेरिकेत गेले, बहुतेक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे त्याच ईशान्य भागातल्या, कापडगिरण्यांत: लोवेल, फॉल रिव्हर, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन. कोकणातून गिरणगावात गेलेल्या माणसासारखीच ही चाल, फक्त मध्ये देशाची सीमा आणि भाषा बदलत होती. आणि भाषा बदलल्यावर आडनावांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

काहींचं सरळ भाषांतर झालं. ब्वाव्हेर म्हणजे हिरवं रान, तो ग्रीनवुड. लब्लां व्हाइट झाला, र्‌वा म्हणजे राजा तो किंग, लेव्हेक म्हणजे बिशप तो बिशप. कूर्तमांश म्हणजे आखूड बाही. तो चक्क शॉर्टस्लीव्ह. ब्वाव्हें या नावात ‘वाईन पी’ असं ऐकू येतं, म्हणून ड्रिंकवाइन. काहींचा नुसता उच्चार इंग्रजी कारकुनाने ऐकला तसा उतरवला: आर्शांबोचा शॅम्बो, बन्वाचा बेनवे. उलट दिशेनेही झालं आहे. १७०४ साली मॅसॅच्युसेट्समधून पकडून नेलेला फार्न्सवर्थ नावाचा इंग्रज मुलगा क्वेबेकमध्ये राहिला, आणि त्याचे वंशज फानफ झाले.

फ्रेंच स्पेलिंग आधीच सैल. शेवटचा ‘ओ’ हा उच्चार लिहायच्या सहा-सात तऱ्हा आहेत, आणि पाद्री त्यातली हवी ती उचलत. शिवाय ‘एबेर’मधला मूक ‘एच’ कधी असतो, कधी नसतो. म्हणून शोधयंत्रात शेवटच्या अक्षरांच्या जागी तारा (*) घालावा, आणि इंग्रजी नावाचा अर्थ काढून त्याचा फ्रेंच प्रतिशब्द करून पाहावा. मात्र प्रत्येक किंग हा र्‌वा नव्हता. अर्थ हा इशारा आहे, पुरावा नव्हे.

पुरावा मिळतो तो असा. आधी अमेरिकेतला मृत्यू आणि लग्न यांच्या नोंदी काढा. तिथे बाई बहुधा नवऱ्याच्या आडनावाने असते, पण आईच्या रकान्यात माहेरचं नाव सापडू शकतं. मग गिरणीच्या गावातलं फ्रेंच चर्च शोधा. तिथे पाद्री फ्रेंच, वही फ्रेंच आणि रीतही क्वेबेकचीच: आईबाप नावानिशी, बायका माहेरच्या नावाने. नगरपालिकेच्या वहीतला ग्रीनवुड चर्चच्या वहीत ब्वाव्हेर म्हणून बसलेला असतो. दोन्हीकडे तारीख एक आणि बायको एक असेल तर माणूस एकच. नागरिकत्वासाठी कागद जोडणाऱ्यांना नावातला बदल दाखवायला हीच जोडी कामी येते.

जनगणनेत एक खड्डा आहे तो ठाऊक असावा. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या आगीने जवळपास सगळेच गेले. म्हणजे १८८० वरून थेट १९०० वर उडी, आणि स्थलांतराचा जोर नेमका त्याच वीस वर्षांत. १९०० च्या जनगणनेत मात्र अमेरिकेत आल्याचं साल विचारलेलं आहे. ते दोन-तीन वर्षांच्या फरकाने धरून चालावं.

आडनाव एक, म्हणजे घराणं एक?

कधी हो, कधी मुळीच नाही. त्राम्ब्ले हे क्वेबेकमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. ते सगळे पिएर त्राम्ब्ले आणि ओझान आशों या एकाच जोडप्याचे; लग्न १६५७ चं, क्वेबेकमध्ये. पण र्‌वा किंवा लफेव्ह्र, म्हणजे आपल्या लोहारासारखं नाव, यांचे मूळ पुरुष अनेक आणि एकमेकांशी असंबंधित. तेव्हा आडनावावरून कुलचिन्हाची रंगीत ढाल विकणाऱ्यांपासून लांब राहावं. मूळ पुरुषांपैकी बहुतेक शेतकरी, शिपाई, सुतार होते.

स्त्रियांबद्दलही एक हट्टी समज आहे. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने स्वतःच्या खर्चाने साधारण ७७० अविवाहित मुली वसाहतीत पाठवल्या. त्यांना ‘राजाच्या मुली’ म्हणत. त्या वेश्या होत्या अशी कंडी अजून फिरते. नोंदी तसं सांगत नाहीत: गरीब घरच्या, पुष्कळशा पोरक्या, आणि आल्यावर काही महिन्यांत लग्न करून शेतीला लागलेल्या. क्वेबेकच्या वंशावळीत त्या नसतील तर झाड अपुरं आहे, असं बेधडक म्हणावं.

डीएनए चाचणी केली की झालं ना?

इथे ती चाचणी भलत्याच प्रकारे फसवते. दहा पिढ्या मागे प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज व्हायला हवेत, बारा पिढ्यांवर ४,०९६. पण मुळात आलेले लोक दहा हजार, त्यातही सुरुवातीचे मोजके शेकडे. त्यामुळे तेच जोडपं एकाच माणसाच्या झाडात पाच-सहा ठिकाणी येतं. दोन फ्रेंच-कॅनडियन माणसं सहा वाटांनी लांबची भावंडं असतात, आणि सहा वाटांचे तुकडे जुळून चाचणी त्यांना जवळचं चुलत नातं सांगते. म्हणून अहवालातलं नातं सांगितल्यापेक्षा लांबचंच धरावं.

याची वैद्यकीय बाजूही आहे. सागने-लाक-सां-झां या भागात टायरोसिनेमिया हा यकृताचा दुर्मिळ आनुवंशिक आजार इतका आढळतो की साधारण वीस माणसांत एक वाहक निघतो. मूठभर संस्थापक कुटुंबांतून वाढलेल्या लोकसंख्येचा हा परिणाम. शिकुतिमीच्या विद्यापीठातली बालसाक ही वंशावळींची संगणकीय नोंद अशाच अभ्यासाला वापरतात.

झाड लिहिताना क्रमांकांची एक जुनी रीत फार सोपी आहे. तुम्ही १. बाप म्हणजे तुमच्या आकड्याची दुप्पट, २. आई म्हणजे दुप्पट अधिक एक, ३. हाच नियम वर वर लावत जायचा. १४ क्रमांकाच्या माणसाचा बाप २८, आई २९. पुरुष सम, बाई विषम, अपवाद फक्त पहिल्या क्रमांकाचा. एकच जोडपं ६१२-६१३ आणि ९४०-९४१ अशा दोन जागी आलं तर चूक समजून खोडू नका. तो वर सांगितलेला प्रकार आहे.

आजचं क्वेबेक

१९८१ पासून क्वेबेकच्या कायद्याने जुन्या वहीची रीत सक्तीची केली. लग्नानंतर नवरा-बायको दोघंही जन्माच्याच नावाने कायदेशीर व्यवहार करतात. तिथे राहून लग्न करणाऱ्या मराठी मुलीलाही हे लागू आहे: नवऱ्याचं आडनाव मित्रमंडळींत लावा, पण परवान्यावर, आरोग्यकार्डावर जन्मनाव. मुलाला आईचं, बापाचं किंवा दोन्ही मिळून जास्तीत जास्त दोन भागांचं आडनाव देता येतं. पाटील-त्राम्ब्ले चालेल. त्या पाटील-त्राम्ब्लेने पुढे एखाद्या र्‌वा-गान्योंशी लग्न केलं, तर मुलासाठी चार भागांतले दोन निवडावे लागतात. कुठले दोन, हे आईबाप ठरवतात.